ग्राहकाला काही कळलं नाही

सॉफ्टवेअरमधल्या गमतीजमती लिही, असं आमच्या मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या. "तू इतकी वर्षं त्या कारखान्यात होतीस, जर्मन लोकांचे किस्से असतीलच ना." आहेत. दोन-तीन तर जेवणाच्या टेबलावर सांगून सांगून गुळगुळीत झालेत. पण ते सांगायला बसलं की पुढचंही आठवतं, आणि ते गमतीचं नाही. मी बाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "शेवट जरा हलका कर म्हणजे झालं." ते काही मला जमलेलं नाही.

मी मूळची सांगलीची. इंजिनिअरिंग पुण्यात झालं आणि नोकरीची बहुतेक वर्षं इंगोलश्टाटजवळच्या एका कारखान्यात गेली. आम्ही गाडीच्या दरवाज्याच्या आतली पॅनेल्स बनवायचो. गाडीत बसल्यावर तुम्ही कोपर टेकवता ना, ते. गावातली मोठी कार कंपनी आमचं मुख्य गिऱ्हाईक. त्यांच्या लाइनवर गाड्या एकामागून एक येतात, पण शेजारच्या दोन गाड्या कधी सारख्या नसतात. एक करडी, पुढची काळी, तिसरीत स्पीकर जास्त, चौथी इंग्लंडला जाणारी म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. अगदी त्याच क्रमाने आमची पॅनेल्स ट्रकात रचून त्यांच्या दारात उभी राहायला हवीत. क्रम चुकला तर करड्या गाडीला काळं पॅनेल, आणि पॅनेल आलंच नाही तर लाइन थांबते. लाइन थांबणं या शब्दाला तिथे जो मान आहे, तो आपल्याकडे घरात कुणी गेल्याला असतो.

हा क्रम कळवणारे संदेश त्यांच्या कॉम्प्युटरकडून आमच्याकडे दिवसभर येत. आला संदेश की त्याची भाषा बदलायची, मग पॅनेल दाबून घडवणाऱ्या प्रेसला सांगायचं, रंगाच्या विभागाला सांगायचं, गोदामाला, ट्रकवाल्याला, आणि आम्हाला क्लिपा आणि कापड पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांना. ही सगळी यंत्रं वेगवेगळ्या काळातली, एकमेकांची भाषा न समजणारी. त्यांचं आपापसात बोलणं लावून द्यायचं हे माझं काम. याला इंटिग्रेशन म्हणतात. त्यासाठी तयार फ्रेमवर्क मिळतात. प्लंबर एल्बो आणि व्हॉल्व्ह स्वतः ओतत बसत नाही, दुकानातून आणून जोडतो, तसंच. आणि पाणी येतंय तोवर प्लंबरची आठवण कुणाला होत नाही, तेही तसंच.

मी रुजू झाले तेव्हा हे सगळं एका माणसाने लिहिलेल्या एका भल्यामोठ्या प्रोग्रॅमवर चालायचं. लुडविग ब्रांडल. अस्सल बव्हेरियन माणूस, मिशा राखलेला, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. शाळा संपल्यावर याच कारखान्यात प्रेसवर लागला होता, मग कॉम्प्युटर आले तसा कॉम्प्युटरवर आला. त्याचं जर्मन मला सुरुवातीला जर्मनच वाटायचं नाही. माझ्या 'जाधव'चं त्याने पहिल्या दिवशी 'याधाव' केलं आणि त्या याधावबाईंकडे तो घरात शिरलेल्या इन्स्पेक्टरकडे बघावं तसा बघायचा.

"फ्राऊ याधाव, माझा प्रोग्रॅम चालतोय. तुम्हाला त्यात नक्की काय दुरुस्त करायचंय?"

मला त्याचे तुकडे करायचे होते. वरून तसाच हुकूम होता. एका मोठ्या प्रोग्रॅमऐवजी छोटे छोटे, प्रत्येकाकडे एकच काम. एक भाषा बदलणार, एक रंग विचारणार, एक ट्रक भरणार. एक पडला तरी बाकीचे उभे राहावेत, म्हणून. यांना मायक्रोसर्व्हिस म्हणतात. ब्रांडल त्यांना 'क्राऊटसालाट' म्हणायचा, म्हणजे चिरलेल्या कोबीची कोशिंबीर.

आमचं जमलं ते एका दुपारी. रंगाच्या विभागाची यंत्रणा बिघडली. बंद पडली असती तर परवडलं असतं. ती मंद झाली. आमच्या धंद्यात मेलेल्यापेक्षा मंद झालेला जास्त घात करतो, कारण मेलेल्याची कुणी वाट बघत नाही. ब्रांडलचा प्रोग्रॅम प्रत्येक पॅनेलचा रंग विचारायचा आणि उत्तराची वाट बघत ताटकळत राहायचा. त्याच्यामागे पुढचा संदेश, त्याच्यामागे पुढचा. थोड्याच वेळात सगळं तुंबलं आणि माल चढवायच्या धक्क्यावर ट्रक रिकामे उभे राहिले. तिकडे गाड्या तर येतच होत्या.

ब्रांडल माझ्या टेबलाशी आला. "तुम्हाला कार कंपनीकडून आलेले कच्चे संदेश दिसतायत ना? न बदललेले?"

"दिसतायत."

"मग वाचा. मी खाली धक्क्यावर जातो. फोन चालू ठेवा."

मी वाचत गेले. डावं, करडं, स्पीकर. उजवं, करडं, स्पीकर. डावं, काळं, बिनस्पीकर. तो खालून प्रत्येक ओळ मोठ्याने पुन्हा म्हणायचा आणि गोदामातली माणसं पॅनेल्स उचलून रचायची. दुपारभर आम्ही हेच केलं. माझा घसा बसला. मध्येच मी घाईत एकदा 'काळं' असं चक्क मराठीत म्हणाले, तर तोही तिकडून 'काळं' म्हणाला आणि मग म्हणाला, "आल्झो, म्हणजे हा कुठला रंग?" रंगाची यंत्रणा पूर्ववत झाली तेव्हा तो वर आला. शर्ट घामाने भिजलेला. माझ्यापुढे हात करून म्हणाला, "लुडविग." म्हणजे आजपासून अहो-जाहो बंद, नावाने हाक मारायची. या देशात हे फार उशिरा मिळतं आणि मिळालं की सहसा परत घेतलं जात नाही.

"वैशाली," मी म्हणाले.

"ठीक आहे, वाइशाली. कर तुझी कोशिंबीर."

मग आम्ही दोघांनी मिळून ती केली. मधे रांगा टाकल्या. गिरणीत आपण दळणाचा डबा चिठ्ठी लावून ठेवतो आणि घरी येतो, तशी रांग. वीज गेली तर डबे थांबतात, हरवत नाहीत, आणि वीज आली की आपल्या नंबराने दळले जातात. घरातल्या फ्यूजसारखे फ्यूज टाकले, म्हणजे एखादा विभाग मंद झाला की त्याच्याशी बोलणं आपोआप तुटायचं आणि बाकीचे पुढे जायचे. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं, पण दारावर धडाधडा बडवत राहायचं नाही. दर वेळी जरा जास्त थांबून टकटक करायची. सगळं दोन जागी ठेवलं, एक आमच्या तळघरातल्या सर्व्हर-खोलीत आणि एक शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या जागेत. एका जागी काही झालं तर दुसऱ्या जागेने हाती घ्यावं, तेही कुणाला हाका न मारता.

हे सगळं पहिल्या फटक्यात बरोबर आलं असं नाही. आमच्या क्लिपा बनवणाऱ्या बाई आल्टम्यूल नदीच्या काठच्या एका खेड्यात राहायच्या. नवरा, दोन मुलगे आणि चार यंत्रं. त्यांना ऑर्डर फॅक्सवरच हवी. मी ईमेल म्हटलं, पोर्टल म्हटलं. "फ्राऊ याधाव, पोर्टलवर मला ग्रीज लागलेल्या हाताने सही करता येत नाही," एवढंच उत्तर. मग मी खास त्यांच्यासाठी फॅक्स करणारी एक सर्व्हिस लिहिली. एका शुक्रवारी त्यांच्या फॅक्समधला कागद संपला. यंत्र ऑर्डर पोटात साठवत होतं पण पोच देत नव्हतं. माझ्या सर्व्हिसला वाटलं ऑर्डर गेलीच नाही, म्हणून ती शनिवार-रविवार जरा थांबून, जरा थांबून, टकटक करत राहिली. सोमवारी बाईंनी कागद घातला आणि त्याच ऑर्डरचे चाळीसेक कागद धो धो बाहेर पडले. त्यांचा फोन आला.

"फ्राऊ याधाव, तुम्ही गाड्या बनवताय की सगळ्या बव्हेरियाला क्लिपा वाटताय?"

त्या दिवशी मी शिकले की एकच निरोप दहादा आला तरी काम एकदाच व्हायला हवं. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. आमच्याकडे त्याला क्लिपेचा नियम म्हणायचे.

संपादकबाईंना हव्या होत्या त्या गमती इथवर.

पुढे गाड्यांची मागणी घसरत गेली. ती का घसरली याबद्दल प्रत्येक टेबलावर वेगळं मत होतं. आमच्याकडे आधी रात्रपाळी बंद झाली. माझा नवरा मंदार दुसऱ्या एका पुरवठादाराकडे साचे बनवण्याच्या विभागात आहे. त्याचा कुर्त्सआर्बाइट सुरू झाला, म्हणजे काम कमी, पगार कमी, नोकरी तेवढी टिकलेली. आणि एका सकाळी आम्हा सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावून मालकांनी दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा दिवाळीला आठवडा होता. मी लुडविगसाठी डब्यात चकल्या नेल्या होत्या. तो डबा संध्याकाळी तसाच घरी परत आला.

कोर्टाने एक प्रशासक नेमली, डॉ. लेंझ. तरुणशी, नेटकी, कधी आवाज न चढवणारी बाई. तिने स्वच्छ सांगितलं की कारखाना चालू ठेवून विकायचा आहे. गिऱ्हाइकाचा विश्वास टिकला, एकही ट्रक चुकला नाही, तर कुणीतरी घेईल.

आम्ही ते फार मनावर घेतलं. आमच्या खोलीत सहाजण होतो. चारजणांनी हिवाळ्यात दुसरीकडे नोकऱ्या धरल्या. लुडविग आणि मी उरलो. नेटवर्कवाले, भाड्याच्या जागेवाले, सगळे थकलेल्या बिलांसाठी रोज धमक्या द्यायचे आणि आम्ही रोज त्यांना डॉ. लेंझचा नंबर द्यायचो. काही मोडलं तर नवा भाग मिळायचा नाही. लुडविग जुन्या मशीनमधून काढून नव्यात घालायचा. पण हिवाळा संपेपर्यंत एक ट्रक चुकला नाही. मला वाटायचं, कुणी घेणारा आला आणि त्याला आमचं काम दाखवलं, तर तो म्हणेल, हे चालू ठेवा.

घेणारा आला. त्याने आमचं काम नीट बघितलं. त्याला कारखाना नको होता. त्याला कार कंपनीबरोबरचा करार हवा होता आणि प्रेसचे साचे. त्याचा स्वतःचा कारखाना सरहद्दीपलीकडे पूर्वेला होता, तिथे अर्धी जागा रिकामी होती. साच्यांचे दुसरे संच त्याच्याकडे बनतच होते, म्हणजे आमचे हलवेपर्यंत काम अडणार नव्हतं. फक्त कार कंपनीचे संदेश इथे येण्याऐवजी तिथे गेले पाहिजेत, आणि मध्ये एकही संदेश हरवता कामा नये.

डॉ. लेंझने मला बोलावलं. "फ्राऊ जाधव, असं जोडून देता येईल ना?" ती माझं नाव बरोबर म्हणायची. तिने कुणालातरी विचारून घेतलं असावं.

येणार होतं. आमची सगळी रचनाच तशी होती. कुठलाही एक तुकडा काढून तिथे दुसरा बसवा, शेजारच्याला पत्ता लागत नाही. मी स्वतःच मोठ्या सभेत हे सांगून टाळ्या घेतल्या होत्या. फक्त तेव्हा तुकडा म्हणजे सॉफ्टवेअर असं माझ्या मनात होतं. आता प्रेस, रंग, गोदाम, धक्का आणि त्यावरची चारशे माणसं, हा सगळा मिळून एक तुकडा होता.

बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. त्याची प्रमुख पेट्रा, प्रेसवरचीच. ती जिन्यात मला गाठून म्हणाली, "वैशाली, जोवर ऑर्डरी इथे येतायत तोवर ते आमच्याशी बोलतात. एकदा गेल्या की कशाला बोलतील? आम्ही अजून सगळ्यांच्या भरपाईसाठी आणि दुसरं काम मिळेपर्यंतच्या पगारी ट्रेनिंगच्या वर्षासाठी भांडतोय. मला तीन आठवडे पाहिजेत. तुझ्या हातात आहे का?"

मी म्हणाले, "बघते."

घरी मंदारला सांगितलं. तो भांडी पुसत होता. मग म्हणाला, "खोटं बोलू नकोस. पण सावकाश कर."

पुढच्या बैठकीत डॉ. लेंझ, घेणाऱ्या कंपनीचे दोघे, आणि स्क्रीनवर त्यांची सॉफ्टवेअरवाली टीम. ती टीम पुण्यात होती. प्रमुख मृणाल नावाची, पस्तिशीची, टिकलीएवढाही आडपडदा नसलेली हुशार मुलगी. आधीच्या एका कॉलवर माझं आडनाव ऐकून ती जर्मन साहेबांसमोरच "अय्या, मराठी!" म्हणाली होती आणि त्यानंतर मला ताई म्हणायला लागली होती.

मी म्हणाले, "बदल सोपा आहे, पण चाचणी करायला तीन आठवडे लागतील. क्रमाचा प्रश्न आहे, एक चूक परवडणार नाही."

डॉ. लेंझने मान हलवली, तारीख लिहायला पेन उचललं. तेवढ्यात मृणाल उत्साहाने म्हणाली, "खरं तर ते झालंय. वैशालींनी दिलेले गेल्या महिन्याचे सगळे संदेश आम्ही आमच्या प्लांटवर चालवून बघितले. शंभर टक्के पास. त्यांचं डिझाइन इतकं स्वच्छ आहे, आम्हाला काही करावंच लागलं नाही. सोमवारीसुद्धा करता येईल."

माझ्या कामाचं असं कौतुक त्या कारखान्यात कधी कुणी केलं नव्हतं. सोमवार ठरला.

संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, रागावलात का? तुम्ही तीन आठवडे म्हणालात, मला कळेना. सगळं तर नीट चाललं होतं."

"मृणाल, इथे माणसं आहेत. त्यांना तेवढा वेळ हवा होता."

मागे तिच्या मुलाचा आवाज येत होता, त्याला काहीतरी हवं होतं. मग ती हळूच म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं हो. मला एक मेसेज टाकला असतात."

मलाही ते सुचायला हवं होतं. पण लेखी टाकणार काय? आणि तोंडी तरी, कामात चोख असलेल्या मुलीला कुठल्या तोंडाने सांगणार, की जरा वाईट काम कर?

"तुझी चूक नाही," मी म्हणाले.

"ताई, माझ्यावरही तारीख आहे."

"माहितीये गं."

शुक्रवारी सकाळी माझ्या स्क्रीनवर एकदम लाल ओळी उमटल्या. तळघरातली सगळी जागा गेली होती. अर्ध्या मिनिटात शहराच्या दुसऱ्या टोकाने काम हाती घेतलं, एकेक ओळ हिरवी झाली. रांगेतला एकही संदेश हरवला नाही. मी खाली गेले. सर्व्हर-खोलीचं दार उघडं होतं आणि लुडविग आत उभा होता. हातात जाडजूड काळी केबल, भिंतीतून उपसून काढलेली.

"किती वेळ पडलं?" त्याने विचारलं.

"अर्धं मिनिट."

"गेनाऊ. अगदी बरोबर." तो हसल्यासारखं करून म्हणाला. "मला माहीत होतं. मीच तर तुझ्याबरोबर बसून हे बांधलंय. तरी म्हटलं, बघू या."

मी आत जाऊन दार लावून घेतलं.

"वाइशाली, माझा तो जुना प्रोग्रॅम असता ना, तर आज सगळं थांबलं असतं. ट्रक थांबले असते, लाइन थांबली असती. सगळ्यांना कळलं असतं की इथे कुणी आहे."

मी त्याच्या हातातली केबल घेतली आणि जागेवर लावली. वर जाऊन नोंदीत 'केबल सैल, पुन्हा बसवली' असं लिहिलं. कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी मृणाल तिकडे, मी इकडे. मी पत्ता बदलला. पहिला संदेश गेला: डावं, पांढरं, स्पीकर. तिकडच्या कारखान्याने पोच दिली. मग पुढचा, मग पुढचा. सगळं हिरवं. तासाभराने मी कार कंपनीतल्या माझ्या ओळखीच्या माणसाला फोन केला, काही अडचण दिसतेय का म्हणून.

"कसली अडचण? आज काही होतं का?" त्याने विचारलं.

आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

मी जिना उतरून प्रेसकडे गेले. तिथे वर एक मोठा बोर्ड होता, पुढची आठ पॅनेल्स दाखवणारा. आधी आलेल्या ऑर्डरी चालू होत्या, पण खालून नवीन ओळ चढत नव्हती. आठाच्या सात झाल्या, मग सहा. माणसं काम करता करता वर बघायची आणि पुन्हा खाली. पेट्रा प्रेसजवळ हातमोजे काढून उभी होती. तिने नुसती मान हलवली, ओळख असल्यासारखी. शेवटची ओळ उजव्या, करड्या पॅनेलची होती. ते बाहेर आलं, प्रेस उघडी राहिली आणि बोर्ड पूर्ण काळा झाला. मग पंखे बंद झाले. इतकी वर्षं ते चालू असल्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पेट्राची भांडणं पुढे चालली, पण ती म्हणाली होती तसंच झालं. जे मिळालं ते कमी मिळालं, आणि ट्रेनिंगचं वर्ष सहा महिन्यांवर आलं.

त्या आठवड्यात एकदा माझी मुलगी ईरा शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच स्वयंपाकघरात उभी राहिली. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा आमच्या प्रेसवर होते. ईराला मराठी सगळं कळतं, पण ती जर्मनमध्येच बोलते.

"आई, हास्ट डू दी फाब्रिक त्सूगेमाख्ट?" कारखाना तू बंद केलास का?

मी तिला समजावून सांगितलं. गाड्या कमी खपतात, मालक, कोर्ट, घेणारी कंपनी, मी फक्त जोडणी बदलली. सगळं खरं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आल्झो जा." म्हणजे, हो तर.

सर्व्हर पुसून विकायला काढले. लिलावाच्या दिवशी मी गेले नाही. लुडविग गेला होता. तो ज्या प्रेसवर पहिल्यांदा लागला होता ती कुणीतरी भंगारात घेतली, एवढंच त्याने सांगितलं.

उन्हाळ्यात मी म्युनिकमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेले. माझ्या वयाला बोलावलं हेच खूप, म्हणून नवी साडी नेसावी तसा नवा कोट घालून गेले. समोर तिघे होते. एकाने विचारलं, "चालू उद्योगात, काहीही न थांबवता, मोठी यंत्रणा बदलल्याचं एखादं उदाहरण सांगाल?"

माझ्याकडे एकच चांगलं उदाहरण होतं. मी ते सांगितलं. रांगा कशा होत्या, फ्यूज कसे होते, एका देशातला कारखाना काढून दुसऱ्या देशातला कसा जोडला, एकही संदेश कसा हरवला नाही. बोलता बोलता माझा आवाज चढला, मी फळ्यावर आकृती काढली. मला ते सांगायला आवडत होतं, हेच मला अजून सहन होत नाही.

"आणि ग्राहक?"

"ग्राहकाला काही कळलं नाही."

ते तिघे एकमेकांकडे बघून हसले. नोकरी मिळाली. आता मी रोज रेल्वेने म्युनिकला जाते आणि हेच काम इतरांसाठी करते.

रुजू व्हायच्या आधी लुडविगकडे गेले. त्याची गावाबाहेर भाड्याची छोटी बाग आहे, तिथे तो बटाटे काढत होता. सरकारी ऑफिसने त्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं, कॉम्प्युटरची प्राथमिक ओळख. माउस कसा धरायचा इथपासून. तो गेला, बसला, प्रमाणपत्र घेऊन आला. हे सांगताना तो हसेल असं मला वाटलं, पण तो हसला नाही. मी मुलाखतीत काय सांगितलं तेही मी त्याला सांगून टाकलं. मनात ठेवणं जमलं नसतं.

तो बटाट्यांवरची माती काढत राहिला. "बरोबर सांगितलंस. तसंच झालं होतं."

मग निघताना फाटकापर्यंत आला. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "वाइशाली, त्यांना अजून कुणी माणूस हवाय का तिथे? म्युनिक मला लांब नाही. मी पहाटे उठतोच."

"विचारते," मी म्हणाले.

विचारलं. माझ्या साहेबांना मी सांगितलं की असा माणूस आहे, त्याच्या हाताखाली ऐन पडझडीत सबंध हिवाळाभर काही थांबलं नव्हतं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग वय विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "नावाची नोंद करून ठेवतो." त्यांनी काही लिहिल्याचं मला दिसलं नाही.

याला आता दोन महिने होतील. लुडविगचा फोन येत नाही, तो कधीच स्वतःहून करणारा नव्हता. मीही अजून त्याला केलेला नाही.